गुणवंताचा गोटा

आमच्या पांढुर्ण्यात कोणाच्या हातून काही चुकलं असं मी लहानपणापासून ऐकलेलं नाही. कप फुटतो तो आपोआप. दूध उतू जातं, कारण दुधाचा स्वभावच तसा. पोरगा गणितात नापास होतो, कारण मास्तरीण त्याच्यावर डूख धरून असते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या गावानंच केली असावी. अशा गावात गुणवंता नावाचा एक माणूस दोन वर्षं "हे माझ्या हातून झालं, मला धरा" असं सांगत फिरला, आणि त्याचं कोणी ऐकून घेतलं नाही.

गुणवंता आमचा शेजारी. आमच्या बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर आमचं आणि त्यांच्या आळीतलं पहिलं घर त्याचं, असा हा शेजार. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी मला "ए प्रमिले" म्हणायचा. मी सौसरच्या शाळेत मास्तरीण झाल्यापासून "बाई" म्हणतो आणि अहोजाहो करतो. घरची थोडी कपाशी होती, पण त्याचं खरं काम संत्र्याच्या पेट्या ठोकण्याचं. हंगाम आला की तो रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या मांडवात बसायचा. तोंडात मूठभर खिळे, समोर लाकडाच्या पट्ट्या. एक खिळा, एक ठोका. दुसरा ठोका मारावा लागला तर कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचा.

त्याचा नेम हा आमच्या बालपणाचा चमत्कार होता. चिंचेखाली उभा राहून तो विचारायचा, "कोनती पाडू?" आम्ही बोट दाखवू तीच चिंच पडायची, शेजारची हलायचीसुद्धा नाही. पुढचं सगळं त्या नेमामुळे झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

आता गोटमारीचं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. आम्ही ते झाड तोडून झेंडा आणायचा, सावरगावनं तो आणू द्यायचा नाही, आणि हे सगळं एकमेकांना गोटे, म्हणजे दगड मारत. सांगतात की फार पूर्वी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली. दोघं पाण्यात असताना दोन्ही काठांवरून गोटे आले आणि दोघं तिथंच मेली. त्यांच्या आठवणीसाठी आम्ही दरवर्षी आणखी डोकी फोडून घेतो. मला या प्रकाराचा मनापासून संताप येतो. पण फ्रॉकच्या ओच्यात गोटे गोळा करून देणाऱ्या पोरींत सातव्या वर्षी मीही होते, हेही कबूल करते.

गोटमारीचा एक नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो सगळे पाळतात. गोटा कोणाचा, हे विचारायचं नाही. डोकं फुटलं, काठावरच्या देवीचा अंगारा लावला, संपलं. संध्याकाळी फोडणारे आणि फुटलेले एकाच टपरीवर चहा पितात. प्यावाच लागतो, कारण निम्म्या पांढुर्ण्याची सासुरवाडी सावरगावात आहे.

गुणवंताचीही होती. त्याची बायको वत्सला सावरगावची, आणि तिचा थोरला भाऊ दादाराव म्हणजे गोटमारीत झाड राखणारा नावाजलेला गडी. चौऱ्याऐंशी साली वत्सला राखीसाठी माहेरी गेली. दोन दिवसांनी यायची, ती आलीच नाही. आठ दिवसांनी गुणवंता आणायला गेला तर दादाराव ओट्यावरूनच म्हणाला, "पोळा झाल्यावर पाहू." वर चार माणसांत पुस्ती जोडली, "तोवर जवायानं भाकरी थापाले शिकाव." लोक हसले. गुणवंता पूल ओलांडून घरी आला आणि त्यानं खरोखर भाकरी थापली. ती भाकरी मी पाहिली आहे. खिळा ठोकला असता तर खिळा वाकला असता.

त्या वर्षीच्या गोटमारीत दुपारी चारच्या सुमाराला पांढुर्ण्याच्या काठावरून एक गोटा आला आणि झाडापाशी उभ्या असलेल्या दादारावच्या डाव्या गुडघ्यावर बसला. दादाराव पाण्यात पडला. चौघांनी उचलला, अंगारा लावला, आणि तीन दिवसांनी गुडघ्याचं कलिंगड झाल्यावर नागपूरला नेला. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. तो कायमचा.

पोळा उरकून वत्सला परत आली. दिवाळीच्या सुट्टीत मी सौसरहून घरी गेले, तर मांडवात गुणवंताच्या डाव्या हाताची तीन बोटं चिंध्यांनी बांधलेली. माझ्यासमोर त्यानं एका खिळ्याला तीन ठोके मारले. चौथा अंगठ्यावर.

"काय झालं हो तुमच्या नेमाला?"

त्यानं तोंडातले खिळे काढून फळीवर ठेवले. "बाई, तुमी सरकारी मानूस. मले एक कागद लिहून द्या. दादारावले म्या मारलं."

"गोटमारीत कोण कोणाला मारतं? शंभर हात एकदम उठतात."

"नव्व्यान्नव हात उठते तसे उठले. माहा नेम धरून उठला. गुडघा पाहूनच मारला. चिंच पाडाची तशी."

चिंचा मी खाल्ल्या होत्या.

तोवर तो दोन ठिकाणी जाऊन आला होता. आधी ठाण्यात. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिपोट कोनाची? दादारावनं केली?" नाही. "मंग तू काहून आला? त्या दिवशी मीबी काठावर होतो. माह्याबी पाठीत एक बसला. मी हुडकून राहिलो का कोनाचा म्हनून?" आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग तो आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तुळशीराम भगताकडे गेला. अंगात येणं, दृष्ट काढणं वगैरे कामं तुळशीराम करी. तो म्हणाला, "हात तुहा, पन हलवनारी देवी. तू कायले जीव जाळून राहिला?"

यावर गुणवंतानं जे विचारलं ते मला अजून पाठ आहे. "पेटीत खिळा शिधा गेला का लोक म्हनते, वा रे गुणवंता! तवा हात माहा. अन् गोटा लागला का हात देवीचा? असं कसं चालन?"

तुळशीरामनं त्याला नारळ फोडायला सांगितलं. गुणवंतानं नारळ फोडला, खोबरं खाल्लं, आणि प्रश्न तसाच घेऊन माझ्याकडे आला.

मी त्याला आमच्या बाबांकडे नेलं. बाबा, म्हणजे भाऊराव, रेल्वेच्या फाटकावरून निवृत्त झालेले. बाबांनी कधी देवीवर काही ढकललं नाही, कारण त्यांच्याकडे देवीच नव्हती. जे करायचं ते मन करतं, हात नुसता त्याचा नोकर, असं ते आम्हाला शिकवत आले. त्यांनी एकच विचारलं, "हात आवरता आला असता का तुले?"

गुणवंतानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, आवरला होता. हात वर नेला, नेम धरला, तेवढ्यात एक बाई घागर घेऊन मधून चाल्ली. तिले लागन म्हनून थांबलो. ती गेली. मंग मारला."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मंग तुह्यासाठी कोनाजवळच औषध नाही बाबू," ते म्हणाले. "त्या बाईसाठी थांबला, तर दादारावसाठीबी थांबता आलं असतं."

"तेच तर म्हनून राहिलो!" गुणवंता असा खुलून म्हणाला की जणू बाबांनी त्याला बक्षीस दिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याची चूक त्याची म्हणून मान्य केली होती. मला हसू आलं, आणि त्याच वेळी त्याची फार कीवही आली.

कागद मी लिहून दिला. पुढं वर्षभर तो त्याच्या खिशात मळत राहिला, कारण घ्यायला कोणी तयार नव्हतं. पंच्याऐंशीच्या गोटमारीला गुणवंता दार लावून घरात बसला. आमच्या गावात त्या दिवशी घरात बसणं म्हणजे आजारी असणं, म्हणून शेजारणींनी त्याला काढा आणून दिला.

मग एका शनिवारी तो बसनं सौसरला माझ्या खोलीवर आला. वकील गाठायचा होता. मी त्याला आमच्या शाळेमागं राहणाऱ्या यशवंतराव वकिलांकडे नेलं. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही वाचली.

"पंचवीस वर्षं वकिली करून राहिलो," ते म्हणाले. "मले सोडवा म्हणणारे रोज येतात. मले अडकवा म्हणणारा पहिलाच. याले म्हणतात हात दाखवून अवलक्षण." मग त्यांनाच राहवलं नाही, आणि सवयीनं त्यांनी त्याला सोडवायला घेतलं. "हे पहा, बायको पंधरा दिवस घरी नव्हती. चार लोकांत अपमान झाला. त्यात गर्दी, नगारे, आरडाओरडा. असल्यात कोणाचंही डोकं फिरते. तुमच्या जागी मी असतो तर मीही..."

"नाही साहेब," गुणवंता हात जोडून म्हणाला. "डोकं फिरलेल्याचा नेम लागत नाही. तवा माहं डोकं जेवढं थंड होतं तेवढं जन्मात कवा नव्हतं."

यशवंतरावांनी कागद घडी करून परत दिला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. ती मान त्याच्या कीवेची होती की कौतुकाची, मला कळलं नाही.

बसस्टँडवर परत येताना मला त्याचा राग आला. उन्हात चालून चालून आला, की त्याच्या त्या भोळ्या चेहऱ्यानं, कोण जाणे. मी विचारलं, "दादारावला सांगितलंत?"

त्यानं चपलेतला खडा झटकला.

"वत्सलावहिनीला?"

"सांगतलं अन् ती गेली तं?"

"म्हणजे हवालदाराला सांगितलं, भगताला सांगितलं, सौसरपर्यंत येऊन वकिलाला सांगितलं. ज्याचा गुडघा गेला तो आणि त्याची बहीण, हे दोघंच तेवढे राहिले! तुम्हाला कबुली द्यायची नाही गुणवंताभाऊ, तुम्हाला फुकटात शिक्षा पाहिजे. परक्याच्या हातची लागत नाही ना फार."

बोलून गेले आणि वाईट वाटलं. "बाई," तो म्हणाला, "मले माफी मागाची हाये. पन माफी मागाले आधी गलती माही पायजे ना? सारे जन ती माह्या हातातून काढूनच घेऊन राहिले." मग बस आली, आणि तो चढला. खिडकीतून म्हणाला, "राखीले या. तुमी रायल्या तं हिंमत होईन."

शहाऐंशीच्या राखीला शाळेला सुट्टी होती. गुणवंता, वत्सला आणि मी पूल ओलांडून सावरगावला गेलो. दादाराव ओट्यावर खाटेवर बसला होता, डावा पाय समोर काठीसारखा सरळ. गुडघा गेला, पण त्याचा तोरा मात्र वाढला होता. टपरीवर पहिला कप त्याचा. झाडाच्या पूजेला त्याला पुढं बसवायचे. "साऱ्या सावरगावात देवीनं माहाच गुडघा मागून घेतला," हे तो पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगायचा. मलाही सांगितलं.

वत्सलानं राखी बांधली, पेढा भरवला आणि ताट घेऊन आत गेली. गुणवंतानं खिशातून तो मळका कागद काढला आणि माझ्याकडे दिला. मी दिला परत. "तोंडानं सांगा," म्हटलं.

"दादाराव, तुहा गुडघा देवीनं नाही घेतला. म्या घेतला. नेम धरून."

दादारावनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना जवाई! मले का मालूम नाही? असा गुडघ्याच्या वाटीवर गोटा मारनारा दोन गावांत दुसरा कोन हाये?"

"मालूम होतं? अन् तू दोन वर्सं देवीचं नाव सांगून राहिला?"

"मंग काय सांगू? जवायाचा मार खाल्लेला साळा म्हनून फिरू? देवीचा मानूस म्हनून चहा तरी भेटते." पाय दोन्ही हातांनी उचलून त्यानं जरा बाजूला ठेवला. मग त्याचा तो तोरा एकदम उतरला. "अन् दुसरं बी हाये. त्या दिवशी मी बी तुह्यावरच मारून राहिलो होतो गा. झाडाकडं माहं ध्यानच नव्हतं. सात गोटे मारले. डोक्यावर नेम धरला होता."

"सात?" गुणवंता म्हणाला. "मले एकबी नाही लागला."

"माहा नेम तुह्यासारखा नाही, म्हनून. एक जरी लागला असता, तं आज तुह्या फोटोले हार असता, अन् मी तुह्या जागी असा कागद घेऊन फिरलो असतो. नाही, फिरलो बी नसतो. देवीनं नेला म्हनून सांगतलं असतं."

माझ्या डोक्यात मास्तरणीसारखा हिशेब सुरू झाला होता: एकाचा लागला, दुसऱ्याचे सात चुकले, मग जास्त गुन्हेगार कोण? दोघांच्याही मनात तेच होतं. नेम तेवढा एकाचा चांगला.

दादाराव म्हणाला, "चाल, तुहा एक म्या माफ केला. माहे सात तू माफ कर."

"ते लागलेच नाही तं माफ काय करू?"

"लागले नाही म्हनून मारले नाही का?"

गुणवंताचे डोळे भरून आले. त्यानं वाकून दादारावच्या न वाकणाऱ्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाला, "केले." दादारावनं त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. आता सगळं गोड झालं, पेढे खाऊन घरी जावं, असं मला वाटलं. तेवढ्यात वत्सला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी दिसली. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. गुणवंतानं कागद घाईनं खिशात कोंबला. "घाबरू नोका. मले पयल्याच महिन्यात मालूम झालं होतं. हवालदाराच्या बायकोनं सांगतलं. मी वाट पाहून राहिली होती, का माह्या नवऱ्याले मले सांगाले किती वर्सं लागते."

"वत्सला, त्यानं तुले कोंडून ठेवलं म्हनून माहा..."

"कोनी कोंडलं?" तांब्या तिनं खाटेच्या पायाशी ठेवला. "दादानं मले नाही ठेवलं. मीच रायली. दिवसभर कपाशी निंदून, पट्ट्या उचलून आंग मोडलं होतं माहं. मायच्या घरी पंधरा दिवस झोपावं वाटलं, रायली. दादाले म्याच म्हटलं, जवाई आले तं पोळ्यानंतर पाहू म्हन. त्यानं भाकरीचं तेवढं पदरचं जोडलं. पूल का दूर होता? मनात आलं असतं तं मी चालत आली असती. तुमी ओट्यावर आले, दादाले विचारलं, गेले. घरात मी होती. मले कोनी विचारलं?"

दादाराव राखीचा गोंडा चाचपू लागला. दोघांनी मिळून आठ गोटे मारले होते, आणि जिच्यासाठी मारले ती आत पाय पसरून झोपली होती. बाईला चिंच म्हणू नये, पण दोघांनी तिला चिंचेसारखंच धरलं होतं, इकडं पडते का तिकडं एवढंच. आणि मी, स्वतःला शहाणी समजणारी, मीही दोन वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग म्या गोटा कायले मारला?" गुणवंता अगदी लहान आवाजात म्हणाला.

"ते तुमी सांगा," वत्सला म्हणाली. "हात तुमचा होता."

दोन वर्षं तो हेच एक वाक्य कोणाकडून तरी ऐकायला गावभर हिंडला होता. आता ऐकलं आणि ओट्याच्या पायरीवर बसला. मग तिला म्हणाला, "माहं चुकलं. तुह्यासंगबी अन् याच्यासंगबी." वत्सलानं त्याला पाणी दिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही.

निघताना तो तिच्याजवळ गेला. मी पाहिलं, त्यानं दादारावकडे मान वळवलीसुद्धा नाही. "येतं का आज?" त्यानं तिला विचारलं.

"नाही. पोळा करून येईन."

"बरं," तो म्हणाला. "ये मंग." पुलावर त्यानं तो कागद काढला. नदीत टाकेल असं मला वाटलं, पण त्यानं तो पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला. पुढं हंगामात मी मांडवात डोकावले तेव्हा तो पुन्हा एका ठोक्यात खिळे ठोकत होता, आणि कधी दुसरा मारावा लागला तरी पूर्वीसारखा इकडेतिकडे बघत नव्हता.

त्याआधी, त्याच वर्षीच्या गोटमारीच्या दिवशी मीही सावरगावला होते, वत्सलाकडे. नदीवर नगारे वाजत होते. गुणवंता सकाळीच आला होता. दोन्ही गडी ओट्यावर नुसते चुळबुळत होते, म्हणून वत्सलानं सूपभर लसूण आणून दोघांच्या मध्ये ठेवला आणि सोलायला सांगितलं. नदीकडून मोठी आरोळी उठली की दोघांचे हात थांबायचे. थोडा वेळ तसेच थांबायचे, मग पुन्हा लसूण सोलू लागायचे.